नाव, नोंद आणि पारपत्र : फिलिपिनो स्थलांतरितांच्या विवाहकायद्याचा इतिहास

फिलिपिन्स बेटांतून परदेशी गेलेली एखादी स्त्री तेथील पुरुषाशी विवाह करते आणि त्याचे आडनाव धारण करते. काही वर्षांनी त्या देशाच्या कायद्यानुसार त्यांचा घटस्फोट होतो. तेथील दप्तरात ती अविवाहितेसारखी मोकळी ठरते व माहेरच्या नावाने व्यवहार करू लागते. पुढे पारपत्राची, म्हणजे ज्याला आपण नित्याच्या बोलण्यात पासपोर्ट म्हणतो त्याची, मुदत संपते. आपल्या देशाच्या वकिलातीत ती जाते आणि नव्या पारपत्रावर माहेरचे आडनाव मागते. तेव्हा तिला कळते की, मायदेशाच्या दप्तरी ती अद्याप विवाहितच आहे. एकाच व्यक्तीची दोन देशांत दोन नावे व दोन स्थिती होऊन बसतात.

हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. आखाती देशांत व जहाजांवर गोव्याचे आणि फिलिपिन्सचे ख्रिस्ती लोक एकत्र काम करतात, एकाच प्रार्थनामंदिरात जातात. त्याहून जुना धागाही आहे. वसईचा गोन्सालो गार्सिया मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला, तेथून जपानात गेला, व १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला. ज्या संघात त्याने व्रत घेतले, त्याच संघाच्या एका मिशनऱ्याच्या लेखणीतून या विषयाचा पहिला महत्त्वाचा पुरावा आपल्या हाती येतो.

जुनी रूढी आणि स्पेनची सत्ता

हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन मिशनऱ्याने १५८९ साली तागालोग लोकांच्या चालीरीतींचे वर्णन लिहून ठेवले. त्यात घटस्फोटाची रूढी स्पष्ट नमूद आहे. कोणी कोणाला सोडले, सोडणारी स्त्री दुसरा विवाह करणार की नाही, यावरून विवाहात दिलेले धन कोणाकडे परत जावे हे ठरत असे. म्हणजे विवाह मोडणे त्या समाजाला ठाऊक होते, आणि त्याचे नियमही होते.

स्पेनच्या अमलाखाली ही रूढी मागे पडली. त्रेंत परिषदेने १५६३ साली घालून दिलेल्या नियमाप्रमाणे विवाह धर्मगुरू व साक्षीदार यांच्यासमक्ष व्हावा व त्याची नोंद व्हावी असे ठरले होते. पतिपत्नींना वेगळे राहण्याची परवानगी मिळू शके, परंतु विवाहबंधन तुटत नसे. त्या काळी ख्रिस्तसभेची नोंदवही हेच लोकांच्या जन्माचे, विवाहाचे व मरणाचे दप्तर होते.

आडनावांचा इतिहासही याच दप्तराशी निगडित आहे. अनेक कुटुंबांनी संतांची नावे आडनाव म्हणून घेतली होती; एकाच घरातील भावांची आडनावेही कित्येकदा भिन्न असत. त्यामुळे करवसुली व नोंदी यांत घोटाळा होई. गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांनी २१ नोव्हेंबर १८४९ रोजी फर्मान काढून आडनावांची एक मोठी यादी प्रांतोप्रांती पाठविली, व त्यातून कुटुंबांना आडनावे वाटून देण्यात आली. आज ज्या आडनावासाठी एखादी स्त्री न्यायालयाची पायरी चढते, ते बहुधा अशा रीतीने सरकारी यादीतूनच तिच्या पूर्वजांच्या वाट्याला आलेले असते.

कायद्याची भरती-ओहोटी

अमेरिकेची सत्ता आल्यावर प्रॉटेस्टंट मिशने आली आणि नागरी विवाहासही मान्यता मिळाली. ११ मार्च १९१७ रोजी अधिनियम क्रमांक २७१० संमत झाला व संपूर्ण घटस्फोट प्रथमच कायद्यात आला. मात्र त्याची वाट अरुंद होती. पत्नीचा व्यभिचार किंवा पतीने रखेली ठेवणे एवढीच कारणे ग्राह्य होती, आणि त्यांसाठी फौजदारी न्यायालयात दोषसिद्धी व्हावी लागे. जपानी अमलात, १९४३ साली, ही कारणे अकरापर्यंत वाढविण्यात आली. पण युद्धाचे पारडे फिरताच तो हुकूम रद्द झाला आणि जुना कायदा परत आला.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली नवी नागरी संहिता अमलात आली व तिने संपूर्ण घटस्फोटच काढून टाकला. उरला तो केवळ कायदेशीर विभक्ततेचा मार्ग, ज्यात पुनर्विवाह होऊ शकत नाही. त्याच संहितेच्या पंधराव्या कलमाने असे ठरविले की, कुटुंबविषयक हक्क, कर्तव्ये व व्यक्तीची स्थिती यांसंबंधीचे कायदे नागरिकावर तो परदेशी राहत असला तरीही बंधनकारक राहतील. आपल्या आरंभीच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. फिलिपिनो नागरिक जगाच्या पाठीवर कोठेही गेला, तरी त्याच्या देशाचा विवाहकायदा त्याच्याबरोबर प्रवास करतो. यास मोठा अपवाद मुस्लिम नागरिकांचा. १९७७ सालच्या हुकमाने त्यांच्या व्यक्तिगत कायद्यातील घटस्फोट मान्य झाला.

एका परिच्छेदाची कथा

या नियमातून एक विचित्र अन्याय उद्भवला. परदेशी पतीने आपल्या देशात घटस्फोट घेतला की तो मोकळा होई व दुसरा विवाह करी. फिलिपिनो पत्नी मात्र त्याच्याशी बांधलेलीच राही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. नेवाडा येथे घटस्फोट झालेला अमेरिकन पती मनिलातील आपल्या माजी पत्नीच्या व्यवसायावर पती या नात्याने हक्क सांगत होता. न्यायालयाने त्याचा दावा अमान्य केला. ज्याच्या स्वतःच्या कायद्याने तो पती राहिला नाही, त्याला पतीचे हक्क मागता येणार नाहीत, आणि न्यायाचा हेतू साधावयाचा असेल तर स्त्रीला तिच्याच देशात असा भेदभाव सोसावयास लावता कामा नये, असा त्या निकालाचा आशय होता.

राष्ट्राध्यक्षा कोराझोन आकिनो यांनी ६ जुलै १९८७ रोजी कुटुंब संहितेस संमती दिली. तिच्या छत्तिसाव्या कलमातील मानसिक असमर्थतेची कल्पना १९८३ च्या कॅथोलिक धर्मविधिसंहितेच्या १०९५ व्या नियमावरून घेतलेली आहे, हे आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. पुढे अकरा दिवसांनी, १७ जुलै रोजी, सव्विसाव्या कलमास दुसरा परिच्छेद जोडण्यात आला : परदेशी जोडीदाराने परदेशात वैध घटस्फोट मिळविला व त्यायोगे तो पुनर्विवाहास पात्र झाला, तर फिलिपिनो जोडीदारही पात्र होईल. ही संहिता १९८८ च्या ऑगस्टमध्ये अमलात आली.

या छोट्या परिच्छेदाचा अर्थ न्यायालयांनी हळूहळू विस्तारला. २००५ साली ठरले की, विवाहसमयी दोघेही फिलिपिनो असून एक जोडीदार पुढे परदेशाचा नागरिक झाला, तरी हा नियम लागू व्हावा. त्या प्रकरणातील अर्जदार पतीने तत्त्व जिंकले, पण पुरेसा पुरावा दाखल न केल्याने अर्ज मात्र गमावला. २४ एप्रिल २०१८ रोजी त्याहून मोठे पाऊल पडले. जपानी पतीपासून जपानी न्यायालयात स्वतः घटस्फोट मागून घेतलेल्या एका स्त्रीने विवाहाची नोंद रद्द व्हावी व माहेरचे आडनाव परत वापरता यावे असा अर्ज केला होता. घटस्फोटासाठी पुढाकार फिलिपिनो जोडीदाराने घेतला असला तरीही तो मान्य होऊ शकतो, असा निर्णय न्यायालयाने दिला. तथापि जपानी कायद्याचा पुरावा घेण्यासाठी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठविले.

पारपत्रावरील आडनाव

परदेशी घटस्फोट आपोआप मान्य होत नाही. घटस्फोटाचा हुकूम आणि ज्या परदेशी कायद्याखाली तो दिला गेला तो कायदा, दोन्ही गोष्टी फिलिपिन्सच्या न्यायालयात सिद्ध कराव्या लागतात. निकाल अंतिम झाल्यावर तो नोंदणी कार्यालयात दाखल होतो, विवाहनोंदीवर शेरा मारला जातो, व असा शेरा असलेला दाखला सांख्यिकी प्राधिकरणाकडून मिळतो. वकिलातीतील अधिकाऱ्यास हा निर्णय स्वतः घेता येत नाही. घरकाम किंवा रुग्णसेवा करून कुटुंब पोसणाऱ्या स्त्रीला मायदेशी वकील नेमणे, कागद प्रमाणित करून घेणे व वाट पाहणे किती जड जाते, हे सांगावयास नको.

विवाहित स्त्रीने पतीचे आडनाव घ्यावे अशी सक्ती नागरी संहितेत मुळातच नव्हती. तिला तशी मुभा होती. सामान्यतः ती माहेरचे आडनाव मधल्या जागी व पतीचे शेवटी लावते. आपल्याकडे स्त्रीचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलतात, व जुन्या चालीने पहिले नावही बदलले जाई. त्यामानाने तिचे माहेर नावात टिकून राहते. परंतु १९९६ च्या पारपत्र कायद्याने अशी अट घातली की, माहेरच्या नावाकडे परतावयाचे तर घटस्फोट फिलिपिन्सच्या कायद्याने मान्य झालेला असावा. २०१० साली न्यायालयाने निर्वाळा दिला की, पारपत्रावर एकदा पतीचे आडनाव घेतल्यावर पतीचा मृत्यू, घटस्फोट, किंवा विवाह रद्द वा शून्य ठरणे याखेरीज ते सोडता येणार नाही. ११ मार्च २०२४ रोजी मंजूर झालेल्या नव्या पारपत्र कायद्याने ही गाठ सैल केली, व विवाह कायम असतानाही माहेरचे आडनाव परत घेण्याची वाट मोकळी केली. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पारपत्रावरील नाव बदलले म्हणून विवाहाची स्थिती बदलत नाही. पुनर्विवाहासाठी न्यायालयाची मान्यता लागतेच.

देशांतर्गत घटस्फोटाचे विधेयक प्रतिनिधिगृहाने २२ मे २०२४ रोजी संमत केले. कॅथोलिक बिशपांनी त्यास विरोध केला. सिनेटची संमती न मिळताच २०२५ साली त्या काँग्रेसची मुदत संपली.

पाळकांनी घ्यावयाचा बोध

या इतिहासातून काय घ्यावे? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेल्यास मागे राहिलेल्याच्या बंधनाविषयी प्रेषित पौलाने दिलेला सल्ला आपणांस परिचित आहे. सव्विसाव्या कलमाचा तो आधार आहे असे म्हणणे चुकीचे होईल. पौल विश्वासाविषयी बोलतो, कायदा नागरिकत्वाविषयी. तरीही दोहोंना एकच वेदना दिसली आहे : ज्याला सोडून दिले गेले, त्याच्यावरच सारे ओझे राहू नये. विवाहाच्या अभंगत्वाविषयी आपली श्रद्धा दृढ असावी. पण त्या श्रद्धेचा भार नेहमी दुर्बळ पक्षालाच वाहावा लागत असेल, तर आपण थांबून विचार करावा.

दुसरा बोध व्यवहाराचा आहे. आपल्या मंडळीत अशी व्यक्ती विवाहासाठी आली, तर परदेशी घटस्फोटाचा कागद पाहून समाधान मानू नये. शेरा असलेला दाखला मागावा. हे न केल्यास आपण ज्यांना आशीर्वाद देतो त्यांनाच द्विभार्या वा द्विपती विवाहाच्या आरोपाच्या तोंडी देऊ. पण कागद मागताना मन कठोर होऊ देऊ नये. जिच्या पारपत्रावर एक नाव व ओळखपत्रावर दुसरे आहे, ती लबाड असेलच असे नाही. बहुधा ती दोन देशांच्या कायद्यांमध्ये अडकलेली असते.

नोंदवहीत अचूक लिहिणे ही पाळकाची सेवा आहे, कारण एका चुकीच्या अक्षराने माणसाची वर्षे वाया जातात. आणि बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या नावाने आपण तिला हाक मारली, ते नाव कोणत्याही आडनावाच्या आधीचे आहे. तिचे कागद जुळेपर्यंत निदान आपल्या मंडळीत तरी तिला त्या नावाने आदराने हाक मिळावी.