चुंबक, तलफ आणि लघवीची तपासणी

कोकेन, मेथ किंवा आपल्याकडे ‘एमडी’ या नावाने खपणारे मेफेड्रोन यांचे व्यसन डोक्याशी चुंबकाची कॉइल धरून उतरवता येते, हे मत आता परिषदांतून खाली उतरून दवाखान्यांच्या जाहिरातींत आले आहे. ‘ते मशीन कुठे मिळेल?’ असे पालक विचारू लागले आहेत. मत मांडणारे लोक अडाणी नाहीत आणि त्यांचा युक्तिवादही उथळ नाही, म्हणून तो आधी त्यांच्याच बाजूने नीट मांडायला हवा.

पूर्वपक्ष असा: व्यसन हा मेंदूचा आजार आहे. वर्षानुवर्षे उत्तेजक द्रव्य घेणाऱ्याच्या मेंदूत कपाळामागचा, म्हणजे आवर घालणारा भाग मंदावतो. टीएमएस या चुंबकाच्या कॉइलच्या तंत्राने त्या भागाला बाहेरून चेतवता येते. तो जागा झाला की तलफ उतरते आणि तलफ उतरली की सेवन थांबते. शिवाय कोकेन किंवा मेथच्या व्यसनावर अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेले एकही औषध आजवर नाही. अफूवर्गीय व्यसनाला बुप्रेनॉर्फिन आहे, मेथाडोन आहे. इथे हात रिकामे आहेत. मग यंत्र का नको?

यातला पहिला भाग मला मान्य आहे. टीएमएस म्हणजे बाजारातले चुंबकाचे पट्टे किंवा चुंबकाचे पाणी नव्हे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीजप्रवाह निर्माण होतो हे फॅरडेने 1831 मध्ये दाखवले. तेच तत्त्व वापरून शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी 1985 मध्ये कवटी न उघडता मेंदूला चेतवले. कॉइल योग्य जागी धरून ठोका दिला की समोरच्याचा अंगठा आपोआप उडतो, आणि उपचाराची मात्राही त्या अंगठ्यावरूनच ठरवतात. नैराश्यासाठी एफडीएने 2008 मध्ये या यंत्राला परवानगी दिली. तेव्हा ‘सगळे थोतांड’ म्हणून हात झटकणाऱ्यांच्या बाजूलाही मी नाही. माझा वाद उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनाबद्दल केल्या जाणाऱ्या दाव्यापुरता आहे.

या दाव्याचे मूळ उंदरांत आहे. 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये अँतोनेल्लो बोन्ची आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पायाला विजेचा झटका बसत असूनही कोकेनसाठी कळ दाबत राहणारे उंदीर त्यांनी निवडले. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या एका पट्ट्यातील पेशी मंदावलेल्या आढळल्या. त्या पेशी प्रकाशाने चेतवल्या तेव्हा उंदरांनी कळ दाबणे कमी केले. प्रयोग देखणा आहे. पण त्या पेशींत आधी जनुक घालून त्या प्रकाशाला प्रतिसाद देतील अशा केल्या होत्या, आणि प्रकाश नेमक्या त्याच पट्ट्यावर पडत होता. माणसाच्या डोक्यावरची नेहमीची कॉइल कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोचते आणि तिथे जे येईल ते चेतवते. उंदराचा तो पट्टा माणसातल्या कोणत्या भागाशी जुळतो यावर मेंदूतज्ज्ञांचेच एकमत नाही. उंदरापासून माणसापर्यंतची उडी चुकीचीच असते असे नाही. पण ती उडी आहे, पायरी नव्हे, एवढे ध्यानात ठेवायचे.

माणसांवरच्या ज्या प्रयोगाने हे मत गाजवले तो 2016 चा, इटलीतल्या पादुआचा. कोकेनचे 32 रुग्ण. अर्ध्यांना मेंदूच्या डाव्या पुढच्या भागावर चुंबकाचे ठोके, उरलेल्यांना लक्षणांवरची नेहमीची औषधे. चुंबकाच्या गटात कोकेनमुक्त लघवीच्या तपासण्या लक्षणीय जास्त निघाल्या. पण आपल्याला काय मिळते आहे हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक होते. एका गटाला यंत्र होते, खुर्ची होती, डोक्यावर टकटक होती, आस्थेने बोलणारे तंत्रज्ञ होते, दुसऱ्याला गोळ्या. ज्या आजारात ‘कोणीतरी माझी वाट पाहतो आहे’ ही जाणीवच अर्धे औषध ठरते, तिथे ही तुलना चुंबकाची की खुर्चीची, हे कसे ठरवायचे? संशोधकांनी स्वतः हा प्राथमिक प्रयोग असल्याचे म्हटले होते. तो आधार झाला तो इतरांच्या हातात.

खुर्ची आणि चुंबक वेगळे काढण्याची रीत आहे. आवाज आणि टकटक तशीच, पण मेंदूपर्यंत काही न पोचवणारी नकली कॉइल वापरायची, आणि कोणाला कोणती मिळाली हे रुग्ण व तपासणारा दोघांपासूनही लपवायचे. इटलीतच अशा पद्धतीने साठाहून थोड्या अधिक रुग्णांवर झालेला प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ठोक्यांची गती आणि मेंदूतली जागा साधारण पादुआचीच. खऱ्या आणि नकली कॉइलच्या गटांत कोकेनच्या सेवनात अर्थपूर्ण फरक दिसला नाही. त्याच वर्षी मेक्सिकोत 44 रुग्णांवर नकली कॉइलशी तुलना करून तलफ कमी झाल्याचे आढळले. पण ती तुलना दोन आठवड्यांपुरती होती, पुढचे महिने उघड उपचार चालले. जाहिरातींत मेक्सिको येतो, पादुआ येते. 2021 चा इटलीतला प्रयोग मात्र कुठे वाचायला मिळत नाही.

सगळ्यात मोठ्या संख्येने रुग्ण आले ते चीनमधून, मेथच्या व्यसनाचे. एकेका प्रयोगात शंभराहून अधिक रुग्ण, नकली कॉइल, सगळे काटेकोर. मेथ ओढण्याची चित्रे दाखवून तलफ मोजली आणि ती उतरलेली दिसली. पण यातले बहुतेक रुग्ण सक्तीच्या पुनर्वसन केंद्रांत होते. चीनच्या 2008 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार तिथे ठेवण्याची नेहमीची मुदत दोन वर्षांची असते. आत मेथ मिळत नाही, त्यामुळे सेवन मोजण्याचा प्रश्नच येत नाही. मोजता येते ती फक्त तलफ.

पूर्वपक्षाची मोडलेली पायरी नेमकी इथे आहे. तलफ आणि सेवन यांचा संबंध मी नाकारत नाही. तलफ वाढली की पुढे सेवनाचा धोका वाढतो हे अभ्यासांतून दिसते. पण तलफ उतरवली म्हणजे सेवन थांबले, हे त्यातून सिद्ध होत नाही. माणूस पगार झाला म्हणून घेतो, भांडण झाले म्हणून घेतो, जुना मित्र भेटला म्हणून घेतो, काही वेळा तलफ जाणवण्याआधीच हात खिशात गेलेला असतो. उलट तलफ असूनही न घेणारे लोक प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्रात भेटतात. किंबहुना मुक्त राहणे म्हणजे बरेचसे तेच. न्यायदर्शनाच्या तर्कशास्त्रात अशा हेतूला, म्हणजे अनुमानाच्या आधाराला, सव्यभिचार म्हणतात: जे सिद्ध करायचे त्या साध्याबरोबर तो आढळतो आणि साध्याशिवायही आढळतो. अशा हेतूवर अनुमान उभे राहत नाही, मग रुग्णांची संख्या कितीही असो.

इथे पूर्वपक्षी एक चांगला प्रश्न विचारू शकतो. निकोटीनही उत्तेजकच ना? आणि सिगारेट सोडवण्यासाठी एफडीएने 2020 मध्ये खोलवर पोचणाऱ्या कॉइलला परवानगी दिलीच की! दिली, आणि त्यामागचा प्रयोग मला खरोखर आवडतो. 14 केंद्रे, 262 माणसे, नकली कॉइल. नेमलेले उपचार पूर्ण करणाऱ्यांत 28 टक्क्यांनी धूम्रपान सोडले, नकली गटात 11.7 टक्क्यांनी. सुरुवातीपासून सगळे धरले तर 19.4 विरुद्ध 8.7. प्रयोगाचा खर्च यंत्र बनवणाऱ्या कंपनीने केला होता हेही लक्षात ठेवू. पण तिथली कॉइल वेगळी होती आणि ती इन्सुला या आतल्या भागाकडेही वळवलेली होती. ती जागा उंदरांतून आलेली नव्हती. मेंदूच्या आघातात इन्सुला दुखावलेले काही धूम्रपानी सहज सिगारेट सोडतात, हे 2007 मध्ये माणसांतच दिसले होते. आणि मुख्य म्हणजे ही माणसे आपापल्या घरी राहत होती, कोपऱ्यावर सिगारेट मिळत होती, आणि ओढली की नाही हे शरीरातल्या अंशावरून तपासले गेले. हा पुरावा माझ्याच कसोटीवर उतरतो. तो कोकेनला लावायचा तर कोकेनवर तोच प्रयोग तितक्याच काटेकोरपणे करावा लागेल. एकाची परवानगी दुसऱ्याच्या नावावर वळवता येत नाही.

आपल्याकडच्या एमडीचे तर आणखीच. वर आलेले प्रयोग कोकेन, मेथ आणि निकोटीनवरचे आहेत. मेफेड्रोन 2015 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले, त्याचे कारखाने आणि पेडलर आपल्या बातम्यांत नेहमीचे झाले, पण त्याच्या रुग्णाला हे यंत्र सुचवणारा डॉक्टर कोकेनच्या अर्धवट पुराव्यावर दुसऱ्याच द्रव्याचा उपचार करतो आहे. त्यात उत्तेजक द्रव्यांनी आकडी (फिट) येण्याची शक्यता वाढते आणि टीएमएसचा दुर्मीळ पण खरा धोकाही आकडीचाच आहे. सकाळी एमडी घेऊन दुपारी कॉइलखाली बसणाऱ्याला हे कोणी सांगते का?

आता मंडन. हात रिकामे आहेत हे पूर्वपक्षाचे गृहीतच मला मान्य नाही. औषधांपुरतेच ते खरे आहे. व्हर्माँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी नव्वदच्या दशकात कोकेनच्या रुग्णांसाठी एक साधी रीत बसवली. आठवड्यातून काही वेळा लघवी तपासायची, ती निगेटिव्ह आली की वस्तूंसाठी बदलता येणारे व्हाउचर द्यायचे, सलग निगेटिव्ह येत राहिली की रक्कम वाढवत न्यायची, आणि एकदा पॉझिटिव्ह आली की पुन्हा तळापासून. 1994 च्या प्रयोगात व्हाउचर मिळणाऱ्यांपैकी 75 टक्के लोक 24 आठवडे टिकले, न मिळणाऱ्यांपैकी 40 टक्के. पुढे नॅन्सी पेट्री यांनी खर्च आणखी उतरवला. भांड्यातून चिठ्ठी काढायची. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसते ‘शाब्बास’, बाकी बहुतेकांवर डॉलरभराची वस्तू, एखादीवर मोठे बक्षीस. 2018 मध्ये 50 प्रयोगांतले सुमारे सात हजार रुग्ण एकत्र धरून कोकेन आणि अँफेटामीनच्या व्यसनावरच्या मानसिक-सामाजिक उपचारांची तुलना झाली. त्यात बक्षीस आणि रुग्णाचे रोजचे आयुष्य नव्याने बांधणारा कार्यक्रम यांची जोड सर्वांत पुढे राहिली. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी 2011 पासून ही पद्धत स्वीकारली, कॅलिफोर्नियाने 2023 पासून सरकारी विम्याखाली आणली.

‘व्यसन न केल्याबद्दल पैसे? ही लाच झाली’ हा आक्षेप मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आहे. तेच डॉक्टर वीस सिटिंगचे पॅकेज कुटुंबाकडून आगाऊ घेताना संकोचत नाहीत. नैतिक आक्षेप दोन्हीकडे सारखाच लावावा, एवढेच मागणे. बक्षिसे थांबल्यावर परिणाम ओसरत जातो, हा आक्षेप मात्र खरा आणि जड आहे. तो चुंबकालाही तितकाच लागू पडतो.

या रीतीला यंत्र लागत नाही, म्हणून तिची परिषदेत दालने नसतात. लागते ती लघवीच्या तपासणीची पट्टी, नोंदवही आणि ठरल्या वारी न चुकता भेटणारा माणूस. महाराष्ट्रात हा तिसरा घटक परका नाही. पुण्यात 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले ते ब्राउन शुगरच्या काळात, आणि त्याचा भर माणसांवर, कुटुंबावर, फॉलोअपवर राहिला. दारू आणि अफूवर्गीय द्रव्यांसाठी घडलेली ती शिस्त उत्तेजकांसाठी वापरायची तर तिला आठवड्यातून दोन-तीनदा लघवी तपासण्याची जोड द्यावी लागेल, कारण कोकेनसारख्याचा अंश लघवीत दोन-चार दिवसच दिसतो. व्यसन सुटल्यानंतर ज्याला खरे नैराश्य आहे त्याला टीएमएस जरूर द्यावे, नैराश्यासाठी म्हणून, तसे कागदावर लिहून. आणि एमडीवर ते चालते का हे कोणाला खरेच पाहायचे असेल, तर नकली कॉइल, दोन्ही गटांना सारखीच बक्षिसे, घरी राहणारे रुग्ण, सहा महिने लघवीची तपासणी, आणि खर्च यंत्र विकणाऱ्याच्या खिशातला नसलेला, असा प्रयोग मुंबईत किंवा पुण्यात मांडता येईल. तोवर पालकांनी सिटिंगचे पैसे भरण्याआधी दवाखान्याला एकच विचारावे: तुम्ही तलफ मोजता की लघवी?