अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि हरवलेली मुखपृष्ठे

विरार, प्रतिनिधी : विरार स्थानकातून पश्चिमेस समुद्राच्या दिशेने गेले की अर्नाळा लागते. जलदुर्गासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाचे नाव मराठी घराघरांत पोहोचले, ते मात्र रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवरून. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी ‘बाबूराव अर्नाळकर’ या नावाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

धनंजय-छोटू ही जोडी होम्स-वॉटसन यांच्या वळणाची. झुंजार आणि काळा पहाड हे मात्र कायद्याची चौकट ओलांडून दुष्टांना धडा शिकवणारे. शाळकरी वाचकांचा ओढा अर्थातच या दोघांकडे अधिक! पाठ्यपुस्तकात लपवून या कथा वाचलेली पिढी आज आजी-आजोबा झाली आहे.

कथेआधी खुणावत असे ते मुखपृष्ठ. ज्यांनी रंगवलेली देवदेवतांची सोज्वळ चित्रे घरोघरी भिंतीवर लागत, त्याच रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्याने अर्नाळकरांच्या नायकांनाही चेहरा दिला. समीक्षकांनी या पुस्तकांकडे पाठ फिरवली. चित्रांची दखल तर त्याहून कमी घेतली गेली.

स्वस्त कागद आणि हातोहात फिरणे यामुळे आधी फाटे ते मुखपृष्ठच. मग वाचनालये पुठ्ठ्याची बांधणी करीत आणि वर शाईने नाव लिहीत. कथा उरली, चित्र गेले.

माळ्यावर अशी एखादी प्रत सापडल्यास ती रद्दीत घालू नये. सुटलेले मुखपृष्ठ सपाट, कोरड्या जागी ठेवावे. चिकटपट्टी मात्र लावू नये. ती पिवळी पडते आणि काढताना रंगही उचलते.