परळची उमेदवारी

हिंदमाता हे नाव उच्चारले की कापडाची दुकाने आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी एवढेच बहुतेकांना आठवते. तथापि, या नाक्यापासून पायी जाता येईल अशा टापूत ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या इतिहासात विद्यापीठीय शिक्षणाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे: ग्रंथ वाचून झाल्यावर विद्यार्थ्याने हात कोठे बसवावा, आणि कोणाच्या देखरेखीखाली?

यांतील सर्वांत जुनी संस्था मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय ही होय. १८८६ साली परळ येथे, बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाच्या आश्रयाने ते सुरू झाले. रुग्णालय आधी आणि वर्ग मागाहून, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. त्या काळी मुंबईची ट्रामदेखील घोडेच ओढीत असत. विद्यार्थ्यांना उदाहरणांची वाण पडण्याचे कारण नव्हते. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली आणि संशोधनाचीही सोय झाली.

माणसांच्या वैद्यकात मात्र प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. भायखळ्याचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ चे. तेथून भाऊ दाजींसारखे पदवीधर १८५१ मध्येच बाहेर पडले. परंतु प्रमुख अध्यापकपदे पुढे दीर्घकाळ प्रायः सरकारी वैद्यकसेवेतील अधिकाऱ्यांकडेच राहिली. रुग्णशय्येपाशी उभे राहून शिकविण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याची विद्या उसनीच राहणार. म्हणूनच शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महानगरपालिकेस देणगी देताना घातलेली अट महत्त्वाची ठरते: अध्यापक हिंदी असावेत, आणि ते सरकारी नोकरीतील नसावेत. १९२६ साली राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा ही अट प्रत्यक्षात आली. पहिले अधिष्ठाते डॉ. जीवराज मेहता पुढे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

येथे शब्दांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. ‘उमेदवार’ हा शब्द फारसी. कचेरीत पगाराच्या आशेवर बिनपगारी राबणारा तो उमेदवार. संस्कृतातील ‘अंतेवासी’ गुरूच्या सान्निध्यात राहतो. पदवीपरीक्षेनंतरच्या वर्षास आज मराठीत ‘आंतरवासिता’ म्हणतात. शब्द संस्कृत वळणाचा असला तरी त्यातील श्रम पुष्कळसे कचेरीतील उमेदवाराचेच आहेत. १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्याने अशा नवशिक्यासाठी तात्पुरत्या नोंदणीची तरतूद केली. म्हणजे तो वैद्य आहेही आणि नाहीही.

ही उमेदवारी कोणाच्या देहावर झाली, हे विसरता येत नाही. रुग्ण आले ते बव्हंशी भोवतालच्या गिरणगावातून, लालबाग-परळच्या चाळींतून. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, तरी बाह्यरुग्ण विभागाची रांग हटली नाही. विद्यार्थी इंग्रजीत शिकलेला. समोरची बाई सांगते, अंगात कसर आहे, जीव घाबरा होतो, बरगडीत चमक मारते. ‘कसर’ म्हणजे बारीक ताप, हे पाठ्यपुस्तकात नसते. ते त्याला बहुधा वॉर्डातील परिचारिका किंवा आया सांगते, आणि मग तो केसपेपरावर इंग्रजीत लिहितो.