देवीची टेकडी आणि उलुरू

हाटपिपल्या, बागली, सोनकच्छ. देवास जिल्ह्यातल्या या गावांतली माणसे नवरात्रात देवासच्या माता टेकडीकडे वळतात. माळव्याच्या सपाट मुलखात एकटीच उभी असलेली ही टेकडी सुमारे ३०० फूट उंच. वर थोरली माता तुळजाभवानी आणि धाकटी माता चामुंडा. चामुंडेची मूर्ती तिथल्याच कातळात कोरलेली, म्हणजे देवी डोंगरापासून वेगळी काढताच येत नाही. सांतेरीचे वारूळ पुजणाऱ्या आपल्या गोवेकरांना हे निराळे समजावून सांगायला नको.

१७२८च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी पवार हे मराठे बंधू इथे सत्ताधारी झाले. पुढे एकाच शहरात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदली. १९४८ साली ती मध्य भारतात विलीन झाली. शहर वाटले गेले, पण बाहेरून आलेल्या पवारांनी टेकडीला स्वतःचे नाव दिले नाही. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा सचिव म्हणून राहिलेला इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यानेही १९५३च्या आपल्या पुस्तकाला नाव दिले 'द हिल ऑफ देवी'.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या ३४८ मीटर उंच उलुरूच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. अनंगू लोकांचे पूर्वज आणि त्यांचा धर्म ज्या खडकात वसतो, त्याला १८७३ साली विल्यम गॉस याने हेन्री एअर्स या राजकारण्याचे नाव दिले. १९६४ साली चढणाऱ्यांसाठी खडकात साखळी ठोकली गेली. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी जमीन अनंगूंना परत मिळाली, तरी चढाई चालूच राहिली. 'कृपया चढू नका' अशी त्यांची विनंती पायथ्याशीच लिहिलेली असायची आणि माणसे ती वाचून वर जायची. चढाई बंद झाली ती २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, बरोबर ३४ वर्षांनी.

देवासला पायऱ्या चढणे हीच भक्ती. उलुरूला न चढणे हा आदर. दोन्हीकडे पाहुण्याने नियम घरधन्याचाच पाळायचा. मुलाबाळांकडे ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या आपल्या माणसांना तर ते सोपेच आहे. उलुरूभोवती सुमारे १० किलोमीटरची पायवाट आहे, आणि प्रदक्षिणा घालायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही.