हास्यास मज्जाव

प्रेमकथेचा शेवट कसा व्हावा हे कथा रचणारा ठरवितो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेत मात्र एके काळी त्याचे छापील नियम होते. हॉलिवुडमधील चित्रसंस्थांनी १९३० साली स्वतःसाठी एक नीतिसंहिता स्वीकारली आणि १९३४ पासून ती कसोशीने अमलात आणली. १९५६ साली तिची जी सुधारलेली आवृत्ती निघाली, तीत गर्भपातासंबंधीचा नियम असा होता, की हा विषय शक्यतो टाळावा, आलाच तर त्याचा निषेध व्हावा, तो शब्द कोणाच्या तोंडी घालू नये आणि त्यावरून विनोद तर कदापि करू नये. यातील शेवटचे कलम आम्हास विशेष अर्थपूर्ण वाटते. ज्या गोष्टीवर हसावयाची बंदी असते, तिच्याविषयी मोकळेपणाने बोलण्याचीही बहुधा बंदीच असते.

ही संहिता १९६८ साली संपुष्टात आली. पुढे जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' या खटल्यात स्त्रीचा गर्भपाताचा हक्क मान्य केला. परंतु नियम गेला तरी त्याने लावलेली सवय लगेच जात नाही. १९८२ च्या 'फास्ट टाइम्स ॲट रिजमॉन्ट हाय' सारखे अपवाद सोडले, तर विनोदी बोलपट या विषयास वळसाच घालीत राहिले. २००७ साली आलेल्या 'नॉक्ड अप' मध्ये नायकाचा एक मित्र मूळ शब्द टाळून त्याच्याशी यमक जुळणारा एक निरर्थक शब्द उच्चारतो! त्याच वर्षीच्या 'जुनो' मधील मुलगी दवाखान्याच्या आत जाते आणि तशीच परत फिरते. मूल होऊ देण्याचा निर्णय घेण्यास या नायिका मुखत्यार आहेत, याबद्दल वाद नाही. मात्र पडद्यावरील बहुतेक नायिका एकाच वाटेने जाऊ लागल्या, म्हणजे दुसरी वाट अस्तित्वातच नसावी असे प्रेक्षकास वाटू लागते.

ही दुसरी वाट जिलियन रोबेस्पिएर या दिग्दर्शिकेने दाखविली. याच नावाच्या २००९ मधील आपल्या लघुपटावरून तिने 'ऑब्व्हियस चाइल्ड' हा पूर्ण लांबीचा चित्रपट मोठ्या चित्रसंस्थांच्या आश्रयावाचून तयार केला, व जानेवारी २०१४ मध्ये तो सनडान्सच्या महोत्सवात दाखविला गेला. जेनी स्लेटने रंगविलेली डॉना ब्रुकलिनमध्ये रंगमंचावर एकटी उभी राहून स्वतःच्याच फजितीच्या गोष्टी सांगत लोकांस हसविते. प्रियकर तिला सोडून जातो, ती काम करीत असलेले पुस्तकांचे दुकान बंद पडावयास येते, आणि मॅक्स नावाच्या तरुणाबरोबर घालविलेल्या एका रात्रीनंतर तिला दिवस राहतात. गर्भपाताची तारीख मिळते ती १४ फेब्रुवारी, म्हणजे नेमका प्रेमिकांचा दिवस!

अशा दुःखद प्रसंगी विनोद कसला, असे कोणी विचारील. याचे उत्तर चित्रपटातच आहे. येथे हसू येते ते डॉनाच्या अवघडलेपणाचे, मॅक्सला सांगू पाहताना तिची जी तारांबळ उडते तिचे. तिचा निर्णय थट्टेचा विषय होत नाही, आणि त्याबद्दल तिला शिक्षाही भोगावी लागत नाही. चित्रपटातील सर्वांत गंभीर क्षण तिच्या आईचा आहे. १९७३ च्या निकालापूर्वी, विद्यार्थिदशेत असताना, आपणही चोरून गर्भपात करून घेतला होता, हे ती लेकीस प्रथमच सांगते. आईने जे इतकी वर्षे मनात दडपून ठेविले, ते लेक भर रंगमंचावर बोलून दाखविते. दोन पिढ्यांमधील हे अंतर कायद्याने निर्माण केले होते.

२४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने 'रो' चा निकाल रद्द ठरविला आणि हा प्रश्न राज्याराज्यांच्या हाती सोपविला. न्यूयॉर्कमधील डॉनास हा मार्ग अजून मोकळा आहे; टेक्सासमधील तिच्या बहिणींस तो जवळजवळ बंद झाला आहे. आईची हकिगत २०१४ साली गतकाळची आठवण म्हणून ऐकली गेली. आता कित्येक लेकींवर ती पुन्हा सांगण्याची पाळी आली आहे. विनोदी चित्रपट म्हणून जो पाहिला गेला, तो इतक्या थोड्या वर्षांत इतिहासाचे साधन ठरावा, यात आम्हास आनंद वाटत नाही. डॉनाचे हसू निर्भय होते, कारण कायदा तिच्या पाठीशी उभा होता.