चांदीवरील ठशांची साक्ष

जुन्या इंग्रजी चांदीच्या पात्राची कुंडली त्याच्या अंगावरच ठसविलेली असते. बिबळ्याचे मुख १३०० सालच्या कायद्यातले. १४७८ पासून लंडनचे सराफ आपला माल गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये तपासणीस आणू लागले. 'हॉलमार्क' हा शब्द तिथला आणि वर्षदर्शक अक्षरही तेव्हाचेच. वीस अक्षरांची ती माला फिरून फिरून येते, तेव्हा अक्षराचे वळण व भोवतीच्या ढालीचा आकार पाहिल्यावाचून साल सांगू नये. राजा वा राणीचे मुख दिसले, तर काळ १७८४ ते १८९० मधला, कारण ती कर भरल्याची पावती! (आम्हां सरकारी नोकरांना हीच खूण अधिक जवळची.) हिंदुस्थानात तेव्हा अशी सरकारी तपासणी नव्हती, कारागिराचे नाव हाच दाखला. भूजच्या उमरशी मावजींची 'ओ. एम.' ही अक्षरे म्हणूनच मोलाची. आमच्या घरच्या पंचपात्रीवर तेही नसते. असते ते लग्नात कोरलेले नाव, क्वचित तिथी. मोडीत घालताना सराफ केवळ वजन पाहतो आणि तेवढा एकच लेख भट्टीत जातो.