कॉन्ट्राबँड (अमेरिकी यादवी युद्ध)

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेतल्या मालकांच्या ताब्यातून निसटून उत्तरेच्या फौजेकडे आश्रयाला आलेल्या गुलामांसाठी रूढ झालेली संज्ञा. हा शब्द मुळात युद्धविषयक कायद्यातला. शत्रूला लढाईत उपयोगी पडेल म्हणून जप्त करता येणारा माल, असा त्याचा अर्थ. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ ज्या दास्यमुक्तीबद्दल अमेरिकी जनतेला अर्पण केला, त्या मुक्तीच्या कायदेशीर वाटचालीतला हा पहिला, अडखळता टप्पा.

त्याची सुरुवात व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या किल्ल्यावर झाली. चेसापीक उपसागराच्या तोंडाशी असलेला हा किल्ला उत्तरेच्या हाती होता. समोरच्या किनाऱ्यावर, स्यूएल्स पॉइंटला, दक्षिणेची फौज तोफांचा मोर्चा बांधत होती आणि त्या कामाला गुलाम जुंपले होते. त्यांपैकी फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड या तिघांना आणखी दक्षिणेला, बायकामुलांपासून दूर पाठवायचे घाटत होते. २३ मे १८६१ च्या रात्री ते एका होडीतून पाणी ओलांडून किल्ल्यावर आले. व्हर्जिनियाच्या मतदारांनी संघराज्यातून फुटण्यावर शिक्कामोर्तब केले तेही त्याच दिवशी.

किल्ल्याची सूत्रे बेंजामिन बटलर यांच्याकडे होती. पेशाने वकील असलेले हे मॅसॅच्युसेट्सचे सेनानी गुलामगिरीविरोधी चळवळीतले नव्हते; महिन्याभरापूर्वीच त्यांनी मेरीलंडच्या गव्हर्नरांना, गुलामांनी बंड केल्यास ते मोडायला मदत करू, असे कळवले होते. तिघांचा मालक चार्ल्स मॅलरी हा दक्षिणेच्या फौजेत कर्नल होता. त्याच्या वतीने मेजर कॅरी पांढरे निशाण घेऊन आला आणि १८५० च्या फरारी गुलाम कायद्याकडे बोट दाखवून त्याने माणसे परत मागितली. बटलर यांनी वकिली पेच टाकला: व्हर्जिनिया स्वतःला परके राष्ट्र म्हणवते, तेव्हा तिला अमेरिकेचा कायदा लागू नाही. शिवाय हे गुलाम शत्रूचे मोर्चे बांधत होते, म्हणून ते जप्त करण्याजोगे. मालकाने संघराज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली, तर मात्र परत देऊ!

बातमी वस्त्यावस्त्यांतून पसरली. दोनच दिवसांत आणखी माणसे आली आणि मग कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. जुलैअखेरपर्यंत हा आकडा सुमारे ९०० वर गेला. त्यांत बायका, म्हातारी माणसे, लहान मुले होती. मोर्चे न बांधणाऱ्या लेकराला युद्धोपयोगी माल कसे म्हणायचे? बटलर यांनी युद्धमंत्री कॅमेरॉन यांना पत्र लिहून थेट विचारले, की हे लोक मालमत्ता आहेत का आणि असतील तर मालकाने टाकून दिल्यावर ते माणसे ठरत नाहीत का. ६ ऑगस्टच्या जप्ती कायद्याने या प्रश्नाला अर्धेच उत्तर दिले. दक्षिणेच्या युद्धकामाला लावलेल्या गुलामांवरचा मालकाचा हक्क गेला, पण ते स्वतंत्र झाले असे कायद्याने म्हटले नाही. फौजेने फरारी गुलाम परत करू नयेत असा नियम मार्च १८६२ मध्ये झाला. बंडखोर मालकांकडून पळून उत्तरेच्या आश्रयाला आलेल्या गुलामांना कायमचे स्वतंत्र ठरवणारा दुसरा जप्ती कायदा त्याच वर्षी जुलैत आला. कायदा पावलापावलाने पुढे सरकला, तो आधी माणसे दाराशी येऊन उभी राहिली म्हणून.

संज्ञेतली खोच गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांनी ओळखली आणि माणसांना मालाचे नाव देण्याला आक्षेप घेतला. व्यवहारातही तिचा जाच होता. आरमाराने सप्टेंबर १८६१ मध्ये या लोकांना भरती केले, तेव्हा प्रौढ पुरुषांनाही ‘बॉय’ हाच दर्जा आणि महिना १० डॉलर पगार ठरवला. फोर्ट मन्रोच्या मजुरांच्या वेतनातला मोठा हिस्सा काम करू न शकणाऱ्यांच्या पोषणाच्या निधीसाठी कापून घेतला जाई.

तरीही त्यांनी वस्ती उभी केली. ऑगस्ट १८६१ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने शेजारचे हॅम्प्टन गाव जाळले, तेव्हा उरलेल्या विटांच्या धुराड्यांभोवती फळ्या ठोकून याच लोकांनी घरे बांधली. मेरी पीक या स्वतंत्र कृष्णवर्णीय शिक्षिकेने त्याच वर्षी तिथल्या मुलांना शिकवायला घेतले. ज्या ओक वृक्षाखाली ती शिकवी, तो हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात आजही उभा आहे.

सगळ्या छावण्यांची कहाणी अशी नाही. रोगराई आणि उपासमार अनेक ठिकाणी होती, आणि सर्वांत संतापजनक प्रकार केंटकीतल्या कॅम्प नेल्सनला घडला. केंटकी संघराज्यातच राहिल्यामुळे, फुटीर राज्यांतल्या गुलामांना स्वतंत्र ठरवणारा मुक्तिजाहीरनामा तिथे लागू नव्हता. कृष्णवर्णीय पुरुष सैन्यात घेतले जात होते, पण त्यांची कुटुंबे मालकांचीच राहिली होती. नोव्हेंबर १८६४ मध्ये कडाक्याच्या थंडीत, सैनिकांच्या सुमारे ४०० बायकामुलांना छावणीतून हाकलून त्यांच्या झोपड्या पाडण्यात आल्या. त्यांतले १०२ जण दगावले. वृत्तपत्रांतून ओरड झाल्यावर हाकललेल्यांना परत घेतले गेले आणि ३ मार्च १८६५ रोजी काँग्रेसने कृष्णवर्णीय सैनिकांच्या बायकामुलांना स्वतंत्र ठरवले. त्याच दिवशी ‘फ्रीडमेन्स ब्यूरो’ हे सरकारी खाते स्थापन झाले. त्याच्या नावातच या लोकांची नोंद आता ‘मुक्त माणसे’ अशी होती.